आधी कोण जागं होणार?

तोरणमाळच्या सातपायरी घाटात खालचं वळण घेतल्याशिवाय वरचं येत नाही. सर्किट बोर्डाचंही तसंच. आधी व्होल्टेज स्थिर, मग क्लॉक, मग मेमरी. हा क्रम आम्ही सहसा कोडमध्ये लिहून टाकतो. पण प्रोसेसर एक नसून चौसष्ट असतील तर?

पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 बनवला, तो इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप वापरून. (अमेरिकेने क्रे नाकारला ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, मला ही चिपच जास्त आवडते.) प्रत्येक चिपला चार सिरियल लिंक. रॉमवरून बूट व्हायचं नसेल तर ती नुसती कान देऊन बसते. कुठल्याही लिंकवरून पहिला बाईट आला, की 0 म्हणजे मेमरीत लिही, 1 म्हणजे मेमरी वाचून दाखव, 2 किंवा जास्त म्हणजे तेवढे बाईट कोड घे आणि चालव. त्या कोडमध्येच पुढच्या शेजारणींना उठवायचं काम घालता येतं. आणि 0-1 मुळे झोपलेल्या चिपची मेमरी आधी तपासून घेता येते, हे तर झकासच!

म्हणजे उठण्याचा क्रम चिपमध्ये कुठे कोरलेलाच नाही, तो तारांच्या जोडणीतून ठरतो. लिनक्समध्ये ड्रायव्हरला "मला लागणारा भाग अजून तयार नाही, नंतर बोलवा" म्हणायची सोय यायला 2012 उजाडलं.