पपई, शेंगदाणा आणि ओठावरचे फोड : बमरोलीच्या खानदेशी ताटाचा पूर्वेतिहास

ओठांच्या कडेला पुन्हा पुन्हा उठणारे पाणीदार फोड टाळायचे असतील तर लायसिन अधिक आणि आर्जिनिन कमी असलेली फळे खावीत व उलट प्रमाणाची दूर ठेवावीत, हा सल्ला आज जगभर रूढ असला, तरी त्याचे वय जेमतेम अर्ध्या शतकाचे आहे. लायसिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्ले, म्हणजे ज्यांच्या साखळ्यांतून प्रथिने घडतात ती लहान घटकद्रव्ये होत. ज्याच्यामुळे हे फोड उठतात तो हर्पिस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू एकदा शरीरात शिरला, की चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर दडून राहतो आणि ताप, कडक ऊन किंवा मनावरचा ताण यांचे निमित्त होताच त्याच तंतूच्या वाटेने पुन्हा त्वचेवर येतो. मराठीत ज्याला नागीण म्हणतात तो आजार याच कुळातील दुसऱ्या विषाणूचा आहे. फळांविषयीचा हा सल्ला प्रयोगशाळेत जन्मला, परंतु त्याचा कस लागतो तो ताटात, आणि त्या दृष्टीने सुरतच्या दक्षिणेकडील बमरोली ही वस्ती विशेष अभ्यासनीय ठरते.

उधना आणि पांडेसरा यांच्या शेजारचे बमरोली २००१ च्या जनगणनेत स्वतंत्र नगर म्हणून नोंदले गेले होते आणि २००६ मध्ये ते सुरत महानगरपालिकेच्या वाढीव हद्दीत आले. यंत्रमागांच्या या पट्ट्यात ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बिहार येथील कामगारांबरोबरच धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली खानदेशी कुटुंबेही मोठ्या संख्येने स्थायिक झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तापीच्या खोऱ्यातून धावू लागलेल्या ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत नंदुरबार आणि अमळनेरशी जोडले गेले होते, त्यामुळे या स्थलांतराची वाट यंत्रमागांच्या कितीतरी आधी तयार होती. पूर्वेकडे रावेर-यावलची केळी आणि शहाद्याची पपई, दक्षिणेकडे गणदेवी-वलसाडचे आंबे आणि चिकू, अशा दोन फळप्रदेशांच्या मध्ये ही वस्ती वसलेली आहे.

या फळांपैकी आंबा आणि केळे या भूमीत पुरातन काळापासून आहेत. पपई, चिकू, पेरू आणि सीताफळ मात्र मूळची अमेरिकेतील असून युरोपीय दर्यावर्दींच्या हालचालींतून आशियात पोहोचली. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन याने १५९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासग्रंथात पपईची नोंद केली असून, हे फळ स्पॅनिश अमेरिकेतून फिलिपिन्स आणि मलाक्का या मार्गाने भारतात आल्याचे सांगितले आहे. शेंगदाणाही त्याच अमेरिकेतून आला, आणि पुढील विवेचनात पपईइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व त्याला आहे.

फळे आणि फोड यांचा संबंध जोडणारी जुनी पद्धत वेगळी होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकविसाव्या अध्यायात विसर्पाची, म्हणजे अंगावर पसरत जाणाऱ्या दाहक त्वचाविकारांची, चर्चा आहे. हा वर्ग आजच्या हर्पिसपेक्षा पुष्कळ व्यापक असल्याने दोहोंचे समीकरण मांडणे योग्य नव्हे. तरी तेथे सांगितलेल्या कारणांत खारट, आंबट, तिखट व उष्ण पदार्थांच्या अतिसेवनाबरोबर तीळ, उडीद आणि कुळीथ यांचा उल्लेख येतो, यावरून आहार आणि फोड यांचा संबंध मांडण्याची परंपरा किती जुनी आहे हे कळते. लोकव्यवहारात हीच दृष्टी उष्ण आणि थंड अशा विभागणीत उतरली. आंबा उष्ण, म्हणून तो खाण्यापूर्वी पाण्यात भिजवून ठेवायचा आणि रसात तूप घालायचे; पपई उष्ण, म्हणून गरोदर बाईला ती द्यायची नाही; केळे थंड, म्हणून सर्दीत वर्ज्य. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवेपर्यंत आंबा न खाण्याची रीत अनेक घरांत पाळली जाते, आणि त्यानंतरच्या आंब्याच्या दिवसांत अंगावर फोड उठले तर त्याचा दोष सहजच आंब्याच्या उष्णतेला दिला जातो.

नव्या मोजमापाची सुरुवात जर्मन भाषक रसायनशास्त्रज्ञांपासून होते. १८८६ मध्ये एर्न्स्ट शुल्त्से याने आपला सहकारी श्टायगर याच्यासह ल्युपिन या शेंगवर्गीय वनस्पतीच्या रोपांतून आर्जिनिन वेगळे केले आणि १८८९ मध्ये एडमुंड ड्रेक्सेल याने दुधातील केसिन या प्रथिनातून लायसिन मिळवले. अमेरिकेत ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी १९१४ च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांतून लायसिनवाचून वाढ खुंटते हे दाखवले, आणि तेव्हापासून तृणधान्यांतील लायसिनची उणीव हा पोषणशास्त्रातील कळीचा प्रश्न बनला. भारतात १९६० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी मॉडर्न बेकरीच्या पावात जीवनसत्त्वांसोबत लायसिन मिसळले जात होते ते याच विचाराने. फोडांचा विषय येथवर कोठेच नव्हता. तो आला १९६४ मध्ये, जेव्हा टँकर्स्ली या संशोधकाने मानवी पेशींच्या संवर्धनात हर्पिसच्या वाढीला आर्जिनिन आवश्यक असते आणि लायसिनने ती वाढ रोखली जाते, असे दाखवले. या दोन अमिनो आम्लांची पेशींत शिरण्याची वाट बऱ्याच अंशी एकच असल्याने एकाचे प्रमाण वाढले की दुसऱ्याला वाव कमी मिळतो, अशी त्यामागील उपपत्ती आहे. १९७४ मध्ये क्रिस्टोफर केगन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लायसिनच्या उपचाराविषयी टिपण लिहिले, १९७८ मध्ये ग्रिफिथ, नॉरिन्स आणि केगन यांनी ४५ रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि गोळ्यांबरोबर आहारही जुळवावा या कल्पनेतून फळांच्या याद्या पसरू लागल्या. त्या काळी या आजारावर पोटातून घेण्याचे परिणामकारक औषध उपलब्ध नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे रुग्णांनी या याद्यांचा आधार का घेतला हे समजते, आणि त्यांना भोळे ठरवणे अन्यायाचे वाटते.

या यादीने जुन्या विभागणीला नेमके उलटे केले. शंभर ग्रॅम पपईत सुमारे २५ मिलिग्रॅम लायसिन आणि १० मिलिग्रॅम आर्जिनिन असते, आंब्यातही लायसिन आर्जिनिनच्या दुपटीच्या आसपास भरते. म्हणजे उष्ण म्हणून ज्यांच्याकडे संशयाने पाहिले जाई ती दोन्ही फळे नव्या हिशेबात अनुकूल ठरली. केळ्यात दोन्ही जवळपास सारखी, प्रत्येकी ५० मिलिग्रॅमच्या आगेमागे असतात, तर संत्र्यात आर्जिनिन थोडे जास्त आणि द्राक्षांत ते लायसिनच्या तिपटीहून अधिक आढळते. तथापि गुणोत्तर आणि प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फळांच्या याद्यांत हा भेद बहुधा हरवतो. फळांत प्रथिनेच मुळात शेकडा एकाच्या आत-बाहेर असल्यामुळे पपईतून एक ग्रॅम लायसिन मिळवायचे तर चार किलो पपई खावी लागेल, आणि चाचण्यांत वापरलेली मात्रा दिवसाला सुमारे एक ते तीन ग्रॅमपर्यंत होती.

खानदेशी ताटात खरे वजन फळांचे नाहीच. भरताच्या वांग्यात दाणे, चटणीत दाणे, भाजीच्या रश्शात दाण्याचा कूट, काळ्या मसाल्यात सुके खोबरे आणि तीळ, अशी ही पाकपरंपरा कोरडवाहू जमिनीतून आणि कष्टाच्या कामांतून घडलेली आहे, आणि बमरोलीत आलेल्या कुटुंबांनी ती सोबत आणली. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे तीन ग्रॅम आर्जिनिन आणि जेमतेम एक ग्रॅम लायसिन असते. खोबरे आणि तीळ यांचा कलही तसाच. तीस ग्रॅम कुटातून मिळणारे आर्जिनिन लायसिनपेक्षा सहाशे मिलिग्रॅमहून अधिक भरते, आणि तेवढी तफावत पपईने भरून काढायची तर पुन्हा चार किलोंचाच हिशेब येतो. उलट दोनशे मिलिलिटर दुधात सुमारे पाचशे मिलिग्रॅम लायसिन असून आर्जिनिन त्याच्या निम्म्याहून कमी असते. याच परंपरेतील कळण्याची भाकरी, जिच्यात ज्वारीबरोबर उडीद दळला जातो, ती ज्वारीतील लायसिनची उणीव पिढ्यान्‌पिढ्या भरून काढत आली आहे. चरकाच्या यादीत दोषी ठरलेला उडीद येथे उपकारक ठरतो. म्हणून केवळ फळे बदलून दाणे तसेच ठेवणारी निवड या सिद्धांताच्या स्वतःच्या कसोटीवरही फारशी टिकत नाही.

हा सिद्धांत मानवी शरीरात कितपत खरा ठरतो, याचे उत्तर पुढील चाचण्यांत संमिश्र मिळाले. १९८४ मध्ये डिजिओव्हाना आणि ब्लँक यांनी रोज १.२ ग्रॅम लायसिन देऊनही वारंवार उठणाऱ्या फोडांत फरक पडला नाही असे नोंदवले. १९८७ मध्ये ग्रिफिथ आणि सहकाऱ्यांनी रोज तीन ग्रॅम देऊन सहा महिन्यांत फोड कमी वेळा उठल्याचे मांडले. आणि २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेला, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासाला, ओठावरचे फोड लायसिनने टळतात याचा पुरावा आढळला नाही. शरीर स्वतःही आर्जिनिन तयार करते, त्यामुळे काचपात्रातील पेशींना ज्याप्रमाणे त्याच्यावाचून ठेवता येते तसे माणसाला आहाराने ठेवता येत नाही. दरम्यान गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून असायक्लोव्हिर हे औषध पुढे आले, १९८० च्या दशकात ते मलम आणि गोळ्या या रूपांत वापरात आले, आणि १९८८ मध्ये एलियन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध दडलेला विषाणू काढून टाकत नाही, पण त्याची वाढ रोखते. वारंवार फोड उठणाऱ्या रुग्णाला, आणि विशेषतः डोळ्याजवळ फोड आलेल्याला, वैद्यकीय सल्ल्याने त्याचा जो उपयोग होतो तो कोणत्याही फळाने होत नाही.