कुंडीतलं पाणी आणि दाछिंगचं तेल

परवा आठवड्याच्या सुट्टीनंतर घरी आलो तर बाल्कनीतली तुळस पार सुकलेली. तांब्याभर पाणी ओतलं. दोन मिनिटांत सगळं खालच्या ताटलीत! माती उकरून बघितली तर कोरडी ठणठणीत. पाण्यानं भेगेतून शॉर्टकट मारला होता.

तेलवाल्यांचं दुखणं हेच. जमिनीखाली तेलाचं तळं वगैरे नसतं हो, खडकाच्या बारीक छिद्रांत ते मुरलेलं असतं. आपल्या दाबानं वर येणं थांबलं की शेजारच्या विहिरीतून पाणी सोडून ते ढकलतात. पण पाणी पातळ, तेल घट्ट. पाणी सोपी वाट धरून पलीकडे निघून जातं आणि बरंचसं तेल जागच्या जागी.

मग पाणीच दाट केलं तर? १९६० च्या दशकात अमेरिकेत ही कल्पना पुढे आली. लिटरभर पाण्यात पॉलिअॅक्रिलअमाइड ग्रॅम-दोन ग्रॅम. त्याचे लांबलचक रेणू पाण्यात पसरतात, पाणी दाट होतं आणि शॉर्टकट सोडून तेलाला रेटत जातं.

याचा सर्वांत मोठा प्रयोग झाला ईशान्य चीनमधल्या दाछिंगला. तिथे १९५९ मध्ये तेल लागलं. १९६० मध्ये वांग चिन्शी नावाच्या कामगारानं, विहीर उसळू नये म्हणून, हौदात उडी मारून अंगानं सिमेंट ढवळलं म्हणतात. झाला राष्ट्रीय हीरो! पुढे १९७६ ते २००२, सलग २७ वर्षं, दाछिंगनं वर्षाला ५ कोटी टनांहून जास्त तेल दिलं. पण नव्वदीपर्यंत विहिरींतून तेलापेक्षा पाणीच जास्त येऊ लागलं होतं. १९९६ पासून मोठ्या प्रमाणावर पॉलिमर सोडलं, आणि त्या भागांत मूळ साठ्यातलं साधारण १० टक्के जास्तीचं तेल हाती आलं. खडक फार गरम नाही, पाणी फार खारट नाही, हे नशीब. नाहीतर हे रेणू टिकत नाहीत. फुकट काहीच नव्हतं म्हणा. वर आलेलं पॉलिमरचं पाणी तेलापासून वेगळं करताना नाकी नऊ येतात. आणि २००३ पासून उत्पादन ५ कोटींच्या खाली आलंच.

आपल्याकडे राजस्थानात बाडमेरच्या मंगला क्षेत्रातही २०१४ पासून हाच उपाय सुरू झाला.

असो. आमच्या आयटीत मेन्टेनन्सचा प्रोजेक्ट मिळाला की लोक तोंड वाकडं करतात. मीही केलंय. पण वांगचे पुतळे झाले. पाण्यात ग्रॅमभर पावडर नीट विरघळवणाऱ्यांची नावं तुम्हाला-मला माहीत आहेत का? ती शेवटची वर्षं तर त्यांनीच ओढून नेली.

तुळस? कुंडी रात्रभर बादलीत बुडवून ठेवली. दोन पानं फुटलीयेत.