माढ्याचा माळ आणि जगाचा पैसा

माढा तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मध्ये पसरला आहे. पाऊस वर्षाला सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडणारा. नदीकाठच्या काळ्या जमिनीत शाळू पिकतो; उंचवट्यावरच्या मुरमाड जमिनीत कुसळी, मारवेल, पवन्या ही गवते आणि त्यांत अधूनमधून बाभूळ, हिवर, बोर, तरवड. सह्याद्रीत ज्याला जंगल म्हणतात तसे येथे कधीच नव्हते. तरीही १९७० नंतरच्या पन्नास वर्षांत जगभरच्या वनधोरणाचे जवळजवळ प्रत्येक वळण या माळावर येऊन गेले. वॉशिंग्टन, रोम, रिओ, पॅरिस येथे जे ठरले, त्याचे खड्डे करमाळा, माढा, मोहोळ या पट्ट्यात खोदले गेले. या व्यवहारात झाडाला सतत मोल मिळाले आणि गवताला जवळजवळ कधीच नाही. या भागातला वनीकरणाचा इतिहास मुख्यतः त्या एका हिशेबाचा आहे.

जुन्या राजवटींना मात्र गवताचे मोल ठाऊक होते. पागेच्या घोड्यांसाठी राखीव कुरणे ठेवणे ही मराठा काळातली रूढ व्यवस्था होती. माढ्यातला भुईकोट ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या रावरंभा निंबाळकरांसारख्या सरदारांचे बळ घोडदळावर, आणि घोडदळाचे वैरणीवर. गावाचे गायरान गावच्या जनावरांसाठी असे. सुगी झाली की धनगरांचे कळप शेतात बसवले जात आणि शेताला खत मिळे. माळ कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नसला, तरी तो बिनमालकीचाही नव्हता.

इंग्रजी अमलात ही वहिवाट कागदावर बदलली. जमीन महसूल मोजणीत जी जमीन सारा देत नाही ती ‘पडीक’ ठरली, आणि १८७८ च्या वन कायद्यानंतर अशा जमिनीचे काही तुकडे वनखात्याकडे गेले. हाच काळ १८७६-७८ च्या दुष्काळाचा होता. वनखात्याला इथे सागवान मिळणार नव्हते. बाभळीची लाकडे आणि चराईची फी एवढेच उत्पन्न. त्यामुळे सोलापूर जिल्हा वनखात्याच्या दृष्टीने दीर्घकाळ अडगळीतच राहिला. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एकतृतीयांश भूमीवर वने असावीत असे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा ज्या जिल्ह्यांत वन नाही त्यांच्या नावावर एकदम तूट दिसू लागली. ती निसर्गाने कधी मान्य केलेली नव्हती, पण सरकारी तक्त्यात बसली.

१९७२ चा दुष्काळ हा पुढच्या सगळ्याचा आरंभ. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, समपातळी चर अशा कामांवर लाखो माणसे गेली. त्यातूनच राज्याची रोजगार हमी योजना कायद्याच्या रूपाला आली. केंद्राने याच सुमारास अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रम सुरू केला आणि १९७५ मध्ये जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघाने त्याला साडेतीन कोटी डॉलरचे कर्ज दिले. ते देशातल्या सहा जिल्ह्यांसाठी होते: महाराष्ट्रातले सोलापूर आणि अहमदनगर, कर्नाटकातले विजापूर, आंध्रातले अनंतपूर, राजस्थानातले जोधपूर आणि नागौर. मृद्‌संधारण, पाणी, कुरणविकास, मेंढीपालन आणि वनीकरण अशी त्याची अंगे होती. सोलापूर जिल्ह्यातल्या झाडा-गवतासाठी बाहेरच्या जगातून आलेला हा पहिला मोठा पैसा.

या पैशाचा सर्वांत मोलाचा परिणाम कोणी योजलेला नव्हता. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजच्या माळावर १९७२ च्या सुमारास पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांना माळढोक पक्षी दिसले. पाठोपाठ अवर्षण कार्यक्रमातून याच माळावर काही क्षेत्रे बंदिस्त झाली, चराई थांबली आणि रोपे लावली गेली. रोपे लहान होती तोवर त्यांच्या भोवतीचे गवत गुडघ्याएवढे वाढले. माळढोकाला हेच हवे होते. हा पक्षी जमिनीवर एकच अंडे घालतो, नर उघड्या जागेवर गळ्याची पिशवी फुगवून मादीला साद घालतो, आणि त्याला चारही बाजूंना दूरवर दिसावे लागते. बंदिस्त गवतात वीण आणि शेजारच्या ज्वारी-करडईच्या रानात चारा असा त्याचा वर्षभराचा बेत जमला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९८१ पासून माळढोकाचा जो अभ्यास केला, त्यात असद रहमानी यांनी मध्य प्रदेशातल्या करेरासोबत नान्नजही निवडले. गवत राखले की पक्षी वाढतो हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे रोपांची झाडे होऊ लागली तसा तोच माळ पक्ष्याला नकोसा होऊ लागला. ज्या खर्चाने माळढोकाला आसरा दिला, त्याच खर्चाचे दुसरे फळ त्याला हुसकावणारे होते.

दरम्यान जगाचे वनविषयक धोरण वेगाने बदलत होते. १९७३ च्या तेलसंकटाने जळणाचा प्रश्न ऐरणीवर आला. गरिबांचे ऊर्जासंकट म्हणजे सरपण, हा विचार १९७५ नंतर सर्वत्र मांडला गेला. भारतात राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ च्या अहवालात सामाजिक वनीकरण सुचवले. त्यातला तर्क रोखठोक होता: गावाने आपले सरपण आणि वैरण गावठाणाभोवती पिकवावी, म्हणजे सरकारी वनातले लाकूड उद्योगांसाठी मोकळे राहील. १९७८ मध्ये जागतिक बँकेने वनविषयक धोरणपत्र काढून कागद-लाकडाच्या उद्योगवनांवरचा भर ग्रामीण वनीकरणाकडे वळवला. त्याच वर्षी जकार्तात भरलेल्या जागतिक वन परिषदेचा विषय ‘लोकांसाठी वने’ हा होता. मग देणगीदार देशांनी भारतातली राज्ये जणू वाटूनच घेतली. स्वीडन तामिळनाडू आणि ओरिसात गेला, कॅनडा आंध्रात, जागतिक बँक उत्तर प्रदेश आणि गुजरातेत, तर अमेरिकेच्या विकाससंस्थेच्या वाट्याला मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र आले.

महाराष्ट्रात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली आणि अमेरिकी संस्थेने सुमारे तीन कोटी डॉलर मंजूर केले. तालुक्याला लागवड अधिकारी आला, रोपवाटिका आल्या, रस्त्याच्या दुतर्फा, कालव्याच्या कडेला आणि गायरानात लागवड सुरू झाली. सुरुवातीची काही वर्षे खाते राखण करी, नंतर ती झाडे ग्रामपंचायतीच्या ताब्यात देण्याची पद्धत होती. झाडे कोणती, हा प्रश्न मात्र गावाला विचारण्याआधीच सुटलेला असे. उरळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या ‘बायफ’ संस्थेने सुबाभळीचा प्रसार जोरात केला होता. लवकर वाढणारी, वैरण देणारी म्हणून तिची ख्याती झाली. नीलगिरी आणि गिरिपुष्पही तसेच आले. मुरमाड माळावर टिकाव धरणारे झाड म्हणजे कमी खर्चात जास्त हजेरी, आणि मोजणी हजेरीची होती. सुबाभळीचे बी जिकडेतिकडे रुजते, नीलगिरी जनावर खात नाही, गिरिपुष्पाला शेळीही सहसा तोंड लावत नाही, हे धनगराने पहिल्याच वर्षी सांगितले असते.

१९८५ मध्ये राजीव गांधी सरकारने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ नेमले आणि दरवर्षी ५० लाख हेक्टर जमीन झाडाखाली आणण्याचे लक्ष्य जाहीर केले. इंग्रजांच्या तक्त्यातला ‘पडीक’ शब्द येथे राष्ट्रीय मोहिमेचा विषय बनला. गावाच्या लेखी जे गायरान, ते या मंडळाच्या लेखी ओसाड.

याच काळात माढ्याचा माळ दुसऱ्याच कारणाने आटत होता. तालुक्यातल्या उजनी गावाजवळ भीमेवर १९६९ मध्ये सुरू झालेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. कालव्याचे पाणी आणि पाठोपाठ नदीवरचे पंप आले. शाळूच्या जागी ऊस आणि उसासाठी कारखाने. पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे सहकारी कारखाना त्यातलाच. जागतिक बँक त्या दशकात महाराष्ट्रातल्या मोठ्या सिंचन प्रकल्पांनाही कर्ज देत होती. वनीकरणाच्या फाइलमध्ये माळ वाचवायचा होता, सिंचनाच्या फाइलमध्ये तो नांगरायचा होता; दोन्ही फाइली एकाच इमारतीत असल्या, तरी त्यांची गाठ पडत नव्हती. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. १९७२ ज्याने पाहिले, त्याने पाणी मिळताच ऊस लावला.

राज्य सरकारने १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित केले तेव्हा त्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर ठेवली. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि अहमदनगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा एवढे तालुके त्यात आले. वनखात्याची जमीन त्यात थोडी. बाकी गावे, शेते, रस्ते, बाजारपेठा. एवढ्या मोठ्या क्षेत्राला अभयारण्याचे नियम लावणे म्हणजे कागदावर वाघ आणि जमिनीवर शेळी. जमिनीचे व्यवहार, बांधकामे, उद्योग यांवर बंधनांची टांगती तलवार राहिली आणि पक्ष्याविषयी गावांत चीड साठली. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या मार्गाने हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आली. तोवर पक्षी फार थोडे उरले होते. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने माळढोकाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी केली. आज देशाच्या मोकळ्या रानात जेमतेम दीडशे माळढोक उरले आहेत, आणि तेही बहुतेक राजस्थानात. नान्नजला आता काळवीट आणि लांडगा यांचे राज्य आहे. आधी लावलेली गिरिपुष्पासारखी झाडे काढून गवताला जागा देण्याचे कामही तिथे हाती घेण्यात आले, म्हणजे एका पिढीने पैसे देऊन लावले ते दुसरीने पैसे देऊन उपटायला घेतले.

१९९२ हे वर्ष दुहेरी महत्त्वाचे. रिओच्या वसुंधरा परिषदेत वनांसाठी बंधनकारक करार व्हावा असा श्रीमंत देशांचा आग्रह होता. भारत आणि मलेशियाने त्याला ठाम विरोध केला. आमची वने ही आमची सार्वभौम संपत्ती, हे त्यांचे म्हणणे. निघाले ते केवळ तत्त्वांचे निवेदन. २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा वन मंच स्थापन झाला, २०१७ मध्ये त्याने २०३० पर्यंत जगातले वनक्षेत्र तीन टक्क्यांनी वाढवण्याचे ध्येय ठेवले. बंधन तरीही नाहीच. करार जमला नाही तेथे पैशाने काम केले. १९९२ मध्येच जागतिक बँकेचा महाराष्ट्र वन प्रकल्प सुमारे १२ कोटी ४० लाख डॉलरच्या कर्जावर सुरू झाला आणि राज्याने संयुक्त वनव्यवस्थापनाचा ठराव काढला. गावाची समिती, वनाचे रक्षण, उत्पन्नात वाटा अशी त्याची घडी होती. पण जिथे वन मुळातच जेमतेम, तिथे वाटून घेण्यासारखे उत्पन्नही जेमतेम.

एकविसाव्या शतकात पैशाचा उगम बदलला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून २००२ पासून भरपाई वनीकरणाचा निधी साठू लागला: खाण, रस्ता किंवा धरणासाठी वनजमीन घेणाऱ्याने मोबदला भरायचा आणि त्यातून अन्यत्र झाडे लावायची. २०१६ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम दिली. यातला ‘अन्यत्र’ हा शब्द अवर्षणग्रस्त जिल्ह्यांना महागात पडण्याजोगा आहे, कारण मोकळी दिसणारी सरकारी जमीन तिथेच असते. २०१५ च्या पॅरिस करारात भारताने वाढीव वन आणि वृक्षआच्छादनातून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषण्याचे वचन दिले. ‘बॉन आव्हान’ या जागतिक उपक्रमाखाली भारताचे जमीन पुनर्स्थापित करण्याचे लक्ष्य २१० लाख हेक्टर होते, ते २०१९ मध्ये २६० लाखांवर गेले. महाराष्ट्रात २०१६ च्या जुलैत दोन कोटी रोपांची मोहीम झाली, पुढे चार, तेरा आणि तेहतीस कोटी अशी चढती आकडेवारी जाहीर होत गेली.

हे सारे आकडे एका व्याख्येवर उभे आहेत. भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेत झाडांची छत्री दहा टक्के असली की तिला वनआच्छादन मानते. मग ती बाग असो की लागवड. सोलापूर जिल्ह्यात असे आच्छादन एक टक्काही भरत नाही. दाट छत्रीची फळबाग हिशेबात येते, मुळे खोल नेणारा गवताळ माळ येत नाही. गवताची बरीचशी कमाई जमिनीखाली असते, आणि वरून घेतलेल्या उपग्रहाच्या छायाचित्रात ती दिसत नाही. २०१९ मध्ये जगभर किती झाडे लावता येतील याचा अंदाज ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, तेव्हा गवताळ प्रदेशांना रिकामी जागा धरल्याबद्दल अनेक शास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. नान्नजला त्याच्या तीसेक वर्षे आधी जे दिसले होते, त्याहून हे आक्षेप फार वेगळे नव्हते.

अलीकडे थोडी हालचाल दिसते. फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला स्थलांतरित प्रजातींच्या कराराची परिषद भरली. तिचा शुभंकर माळढोक होता आणि त्याच परिषदेत त्याचा समावेश कराराच्या पहिल्या परिशिष्टात झाला. मार्च २०२२ मध्ये मंगोलियाच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०२६ हे कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. वनांसाठीचा निधी मात्र अजूनही प्रामुख्याने झाडाच्या संख्येवर आणि कार्बनच्या टनावर वाटला जातो, आणि माढ्यासारख्या तालुक्यात नव्या लागवडीसाठी सर्वांत आधी नजर जाते ती गायरानाकडेच.