घरच्या घरी शिवलेली वही

बडोद्यातल्या आपल्या घरांत मराठी बोलली जाते, पण मुलांचे लिहिणे-वाचणे आता बहुतेक गुजराती नाहीतर इंग्रजीत होते. आजीच्या पदार्थांची प्रमाणे, सणावारांचे कुळाचार, वंशावळ, तोंडपाठ ओव्या हे सारे सुट्या चिठ्ठ्यांवर किंवा नुसते आठवणीत राहते. ते देवनागरीत, घरातल्याच कुणाच्या अक्षरात, एका शिवलेल्या वहीत उतरवून ठेवावे, असे आम्ही सुचवतो. बँकेत रोजची व्हाउचरे दाभणाने टोचून दोऱ्याने शिवत असत. ही वहीही तितकीच साधी आहे.

साहित्य : ए-फोर आकाराचे 8 कागद, कव्हरसाठी त्याच आकाराचा एक जाड कार्डशीट, गोधडी शिवायचा सुती दोरा (सुमारे 55 सेंमी), मोठ्या नाकाची सुई, दाभण, पट्टी, पेन्सिल आणि मेणबत्तीचा तुकडा. नायलॉनचा दोरा कागद कापतो व त्याची गाठ सुटते, म्हणून तो नको. स्टेपलरच्या पिना पावसाळ्यात गंजतात, त्याही टाळाव्यात.

घडी : आठही कागद मधोमध दुमडून एकात एक घालावेत. 16 पाने, म्हणजे 32 पृष्ठे होतात. कार्डशीट दोन्ही दिशांना हलके वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, तशी घडी पडली तर ती फुटत नाही.

भोके : घडीची लांबी 21 सेंमी असते. वरून 2.5, 6.5, 10.5, 14.5 आणि 18.5 सेंमीवर खुणा कराव्यात. कव्हरसह वही अर्धवट उघडी धरून, आतल्या बाजूने घडीवरच दाभणाने टोचावे. या भोकांना वरून 1 ते 5 क्रमांक देऊ.

शिलाई : दोरा मेणावरून एकदा ओढून घ्यावा. आतून 3 मधून सुई बाहेर काढावी व दोऱ्याचे 8 सेंमी टोक आत सोडावे. मग 2 मधून आत, 1 मधून बाहेर, पुन्हा 2 मधून आत. आता आतल्या बाजूने 3 ओलांडून 4 मधून बाहेर, 5 मधून आत, पुन्हा 4 मधून बाहेर आणि शेवटी 3 मधून आत. दोन्ही टोके मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्यावर दुहेरी गाठ मारावी. दोरा घडीच्या दिशेनेच ओढावा. आडवा ओढल्यास भोक फाटते. आतली पाने कडेला किंचित बाहेर येतात, ती पोलादी पट्टी लावून कटरने छाटावीत.

पृष्ठक्रमांक : शिवण्याआधीच मजकूर छापायचा किंवा लिहायचा असेल, तर कागदाच्या एका बाजूवरच्या दोन पृष्ठांची बेरीज नेहमी 33 आली पाहिजे : 1 व 32, 2 व 31, अगदी मध्यावर 16 व 17. हिशेबाचा ताळा जमतो तसाच हा जमतो. पृष्ठे वाढली तर एकाच घडीत कोंबू नयेत, दुसरी वही शिवावी. जाड पुस्तकात अशा अनेक घड्या एकमेकींना शिवतात, त्याला जुजबंदी म्हणतात.

लिहिताना घडीच्या बाजूला 2 सेंमी जागा सोडावी. जेल पेनची शाई पाण्याने पसरू शकते, पेन्सिल मात्र टिकते. जुन्या चिठ्ठ्या सेलोटेपने चिकटवू नयेत. टेप पिवळा पडतो आणि कागदही डागाळतो. त्या वेगळ्या पाकिटात ठेवून वहीत त्यांची नक्कल करावी. ती नक्कल नातवंडांकडून करून घेतली तर अक्षरओळख होते आणि ‘चिमूटभर’, ‘ओंजळभर’, ‘सढळ हाताने’ यांचा अर्थ आजीलाच विचारता येतो. प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचे नाव व तारीख अवश्य घालावी.