कस्तुरीचे मोल

सुगंधी द्रव्यांच्या इतिहासात कस्तुरीचे स्थान फार मोठे आहे. हे द्रव्य केवळ नर कस्तुरीमृगाच्या नाभीजवळील ग्रंथीत तयार होते. हिमालयातील कस्तुरी पूर्वी पाटण्याच्या पेठेत येत असे. सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने तेथे तिची मोठी खरेदी केली व तीत होणाऱ्या भेसळीचीही नोंद केली. पुढे युरोपातील अत्तरे आणि चीन-जपानमधील औषधे यांसाठी मागणी वाढतच गेली.

एका नरापासून सरासरी २५ ग्रॅम कस्तुरी मिळते. म्हणजे एका किलोसाठी सुमारे ४० नरांचा बळी. शिवाय फासा नर-मादी ओळखत नाही. त्यात सापडलेल्या माद्या व पाडसे यांच्याजवळ कस्तुरी नसते. त्यांचे मरण व्यापाराच्या हिशेबातही येत नाही.

१९२६ साली रुझिच्का या शास्त्रज्ञाने कस्तुरीच्या गंधद्रव्याची रचना उलगडली. आज बहुतेक अत्तरांत कृत्रिम कस्तुरीच वापरली जाते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या मृगास संरक्षण दिले, साइट्स कराराने हिमालयीन कस्तुरीचा आंतरराष्ट्रीय व्यापारही निषिद्ध ठरविला. तरीही पारंपरिक औषधांच्या मागणीमुळे चोरटी शिकार थांबलेली नाही.

कायदा विक्रेत्यास व ग्राहकासही रोखतो. ग्राहकास त्याचा विवेकही रोखू शकतो. ‘अस्सल कस्तुरी’ म्हणून मिळणारी वस्तू घेण्यापूर्वी ती कोणाच्या प्राणांच्या मोलाने आली, हे विचारणे अहिंसाव्रती श्रावकाचे कर्तव्य होय.