वही कोणाची?

प्रवराकाठच्या कोल्हारसारख्या गावात आज किराणा दुकानाची कड घेणे सोपे झाले आहे. मोबाइलवरून मागवलेले खोके दारात येते, तेव्हा उधारीवर साखर देणारा ओळखीचा दुकानदार आठवतो. परंतु नगर जिल्ह्याचा इतिहास ही आठवण इतकी निर्मळ राहू देत नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी उठाव झाला आणि तो नगर जिल्ह्यातही पसरला. तिथला दुकानदार बहुधा सावकारही होता. शेतकऱ्यांनी त्याच्या वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले व जाळले. राग होता तो निरक्षर कुळाला न वाचता येणाऱ्या हिशेबाचा. म्हणूनच १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने रोखे ग्रामनिबंधकासमोर करण्याची, पावती व हिशेबाचा उतारा देण्याची तरतूद केली.

पुढे कोल्हारजवळच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सभासदाला हिशेब विचारण्याचा हक्क, हे त्याच प्रश्नाचे दुसरे उत्तर होते.

तेव्हा लहान दुकान निष्पाप आहे म्हणून ते टिकावे, असे म्हणता येणार नाही. आज मात्र त्याच्या वहीवर बोट ठेवून ‘हा आकडा कसला?’ असे विचारता येते. ‘ॲमेझॉन’, ‘फ्लिपकार्ट’ही आपली वही ठेवतात, आपण काय पाहिले, काय घेतले, सारे तिच्यात असते. ती उलगडून वाचायला आपण कोणत्या ओट्यावर जाणार?