सुरतेचा पंच

‘पंच’ हे पेय म्हणजे मद्य, लिंबाचा रस, साखर, पाणी आणि मसाला एकत्र करून केलेले मिश्रण असून, हिवाळ्यात इंग्रज घरांतून ते कढत पाणी घालून व वरून जायफळ किसून वाफाळतेच घेतले जाई. १६३८ साली सुरतेच्या इंग्रज वखारीत पाहुणा म्हणून राहिलेल्या मँडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने ‘पालेपुंत्झ’ नावाने त्याची नोंद केली आहे. शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर वखारीचा अध्यक्ष निवडक मित्रांना बोलावी आणि मायदेशी राहिलेल्या बायकांच्या नावाने पेले रिचवले जात, असे तो सांगतो. त्याने दिलेले घटक मात्र चारच आहेत : दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. त्यामुळे पाच जिनसांवरून ‘पंच’ ही फ्रायर या इंग्रज वैद्याने पुढे सांगितलेली व्युत्पत्ती आकर्षक असली, तरी निर्विवाद मानता येत नाही. काही कोशकार हा शब्द ‘पंचिअन’ या पिंपाच्या इंग्रजी नावाशी जोडतात. रम, म्हणजे उसाच्या मळीपासून गाळलेली दारू, या पेयात वेस्ट इंडीजमधून नंतर आली. हिंदुस्थानातल्या वखारींत तिच्या जागी ताडी, गूळ किंवा तांदूळ यांपासून गाळलेला ‘अरक’ असे. सुरतेची थंडी बेताचीच, तेव्हा तेथे हे पेय ऊब मिळवण्यासाठी घेतले जात असेल, असे समजण्याचे कारण नाही.